ओरिजिनल

वकील म्हणाले होते, ताई, ओरिजिनल बिलं जपा,
निकाल लागला की एकेक रुपया मागता येईल.
म्हणून जपली.
पोरीची झबली होती त्या डब्यात,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर,
डबा माळ्यावर, पत्र्याला लागून.
कुपवाडचा एप्रिल पत्र्यातून खाली उतरतो
तेव्हा वाटेत काय काय पुसत येतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काल तारखेसाठी डबा उघडला.
मिरजेच्या मेडिकलच्या तेवीस चिठ्ठ्या
कोऱ्या.
गुळगुळीत,
त्यांच्या तळव्यावर नवी कातडी बसवलीय तशा,
रेषाच नाहीत.

नाव सुकुमार.
सासूबाईंनी काय बघून ठेवलं, त्यांना माहीत.
अकरा वर्षं पॉवर प्रेसवर,
पाळीला चार हजार दणके.
मी ते नाव घेतलं लग्नात, एकदाच, उखाण्यात लपवून.
आता घेते कॅश काउंटरच्या काचेतल्या भोकातून,
मोठ्यानं, आडनावासकट, सुकुमार पारिसा मगदूम,
कारण मागची माणसं ढकलत असतात.

कंत्राटदार म्हणतो, हा माणूस आमच्या हजेरीवर नव्हता.
कंपनी म्हणते, आम्ही फक्त कंत्राटदाराला ओळखतो.
विमेवाले म्हणतात, आधी मालक कोण ते ठरू दे.
ठरू दे की.
तोवर ड्रेसिंग साडेतीनशे, दिवसाआड.
मांडीची कातडी काढून तळव्याला लावायचे अठ्ठेचाळीस हजार,
आधी भरा, मग टेबलावर घेतो.
फिजिओचं बोटं उघडायचं मशीन, दहा मिनिटांचे दोनशे;
ते बोटांकडं बघत बसतात
आणि मी घड्याळाकडं.

भिशीत माझा नंबर फाल्गुनात होता.
श्रावणातच उचलली, तोटा खाऊन.
बायका काही बोलल्या नाहीत,
चहाला मात्र कुणी थांबलं नाही.
आता बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.
हिरवा इकडं, काळा तिकडं, देठ खाली.
संध्याकाळी बोटं चिकट होतात
आणि दिवसभराच्या मजुरीत
एक ड्रेसिंगही पुरं बसत नाही.

सांगलीच्या कोर्टात बाकडं मिळतं, एवढं खरं.
साहेब रजेवर. मग समोरचे वकील आजारी.
मग कागद कमी.
आता तर कागद आहे, अक्षर नाही.
मेडिकलवाला म्हणाला, सॉफ्टवेअर बदललंय वहिनी,
मागचं निघत नाही.

घरी येऊन हे सांगितलं
तेव्हा ते काही बोलले नाहीत.
उशाखालून सन्मतीची दुरेघी वही काढली.
फिजिओवाल्यानं सांगितलं होतं,
डाव्या हातानं रोज एक पान लिहा, काहीही.
मला वाटायचं णमोकार लिहितात.
वहीत बिलं होती.
तारीख, नंबर, गॉज दोन, चिकटपट्टी एक,
गोळ्यांची नावं पहिलीतल्या पोराच्या अक्षरात,
ओळीबाहेर गेलेली, वाकडी,
पुढं पुढं थोडी सरळ होत गेलेली.
एकही सुटलं नव्हतं.

रडायचं नंतर, आधी बेरीज केली.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे दहा.
दोनदा केली, तेवढीच आली.

वकील म्हणाले, वही हा पुरावा होत नाही ताई.
बरं, म्हटलं.
पुढची तारीख एकोणीस.

रात्री ते परत वही घेऊन बसतात.
आजचं बिल अजून ताजं आहे, काळं आहे.
पन्नासमधला न्ना डाव्या हाताला वळत नाही,
खोडतात, परत काढतात.
मी चिठ्ठी दिव्याखाली धरते
आणि आकडे वाचून दाखवते,
सावकाश,
पण फार सावकाश नाही.